साखर पेठेतल्या बोक्याची साखर

पत्र : डॉक्टर, नमस्कार. आम्ही साखर पेठेत राहतो. घरात मी, आमचे हे, मुलगा-सून आणि बंड्या. बंड्या म्हणजे आमचा बोका, वय अकरा. तीन वर्षांपासून त्याला दमा आहे, दर दीड-दोन महिन्यांनी एक इंजेक्शन घेतलं की बरा असतो. गेल्या दिवाळीत किडनीचं निघालं. हिरड्या तर कायमच्या सुजलेल्या. आता तीन महिन्यांत तो साडेपाच किलोवरून सव्वाचारवर आलाय. पाणी सारखं पितो, खायलाही सारखं मागतो. त्याच्या वाळूच्या टबाला मुंग्या लागल्या तेव्हा मी घाबरले. रक्त तपासलं तर साखर ४१२, किडनीचं क्रिएटिनिन २.६. रोज दोनदा इन्सुलिन द्यावं लागेल म्हणाले. आमचे हे स्वतः इन्सुलिन घेतात, ते म्हणतात माझ्याच पेनातलं दोन युनिट देऊ. सून म्हणते, म्हाताऱ्या जिवाला टोचत बसू नका. अमेरिकेतला भाचा सांगतो, आता तोंडातून द्यायचं औषध निघालंय. एक जण म्हणतो किडनीसाठी प्रोटीन कमी करा, दुसरा म्हणतो साखरेसाठी वाढवा. मी कोणाचं ऐकू? आणि खरं सांगा, हे सगळं करण्यात अर्थ आहे का?
– एक वाचक, सोलापूर

ताई, साखर पेठेतल्या बोक्याला साखर झाली म्हणून पेठेत कोणी चेष्टा केली असेल तर मनावर घेऊ नका. तुम्ही मुंग्या बघितल्यात हे फार चांगलं झालं. लघवीला मुंग्या लागतात हे आपल्या जुन्या वैद्यांनीही लिहून ठेवलंय. मांजराच्या रक्तातली साखर अडीचशे-तीनशेच्या पुढे गेली की किडनीला ती अडवता येत नाही. ती लघवीत उतरते आणि जाताना पाणीही ओढून नेते. तहान लागते ती त्यामुळे.

नुसत्या ४१२ वर मी विसंबलो नसतो. पिशवीत घालून, रिक्षातून, शेजारी भुंकणारं कुत्रं घेऊन दवाखान्यात बसलेल्या धडधाकट मांजराची साखरही भीतीने तीनशेवर जाते. त्यासाठी फ्रुक्टोसामाइन नावाची रक्ततपासणी असते. ती मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी दाखवते, घटकाभराच्या घाबरण्याने ती बदलत नाही. झाली नसेल तर करून घ्या. पण तुमच्या पत्रात दुसरा पुरावा आहे. किडनीनेही मांजर पाणी पितं आणि वाळतं, पण किडनीचं मांजर ताटाकडे पाठ फिरवतं. बंड्या खायला मागतोय आणि तरी वाळतोय. असं होतं ते साखरेने. (म्हाताऱ्या मांजरात थायरॉइडनेही होतं, तेही त्याच रक्तात बघून घ्यायला सांगा.)

आता मूळ मुद्द्यावर येतो. पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही सहज लिहून गेलात : “दर दीड-दोन महिन्यांनी एक इंजेक्शन.” ते बहुतेक लांब टिकणारं स्टेरॉइड असणार. डॉक्टरांकडून नाव विचारून घ्या. स्टेरॉइडने दम्याची सूज उतरते, हे खरं. पण त्याच स्टेरॉइडमुळे शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. नसबंदी झालेला, वयस्क, थोडा जाडसर बोका आधीच काठावर असतो. बंड्याला या इंजेक्शनांनी काठावरून खाली ढकललं असण्याची बरीच शक्यता आहे. यात कोणाला दोष देत नाही. दम लागलेलं मांजर समोर असताना मीही ते इंजेक्शन दिलेलं आहे, अनेकदा.

म्हणून डॉक्टरांकडे गेलात की पहिला प्रश्न हा विचारा : “पुढचं दम्याचं इंजेक्शन टाळून पंपावर नेता येईल का?” लहान मुलांना मास्क लावून स्पेसरमधून (पंप आणि मास्कच्या मधली नळी) पंप देतात ना, तसाच मांजरालाही देतात. फ्लुटिकासोन नावाचं औषध त्यातून थेट फुप्फुसात जातं, बाकी अंगात फार कमी उतरतं. त्याचा पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात, तोवर बहुधा थोड्या स्टेरॉइडच्या गोळ्या चालू ठेवून हळूहळू उतरवाव्या लागतील. आपल्या मनाने एकदम बंद करू नका. मास्क नाकाला लावून दहा श्वास मोजायचे, एवढंच काम असतं. आधी पंप न जोडता नुसता मास्क दाखवा, हुंगू द्या, मागून चिकनचा तुकडा द्या. चार-पाच दिवसांत बहुतेक बोके शरण येतात.

यातली मेख नीट लक्षात ठेवा. लांब टिकणारं स्टेरॉइड एकदा टोचलं की परत काढता येत नाही, ते आठवडेच्या आठवडे अंगात राहतं. ते ओसरू लागलं की बंड्याला लागणारं इन्सुलिनही कमी होत जाईल. आज जो डोस बरोबर आहे, तोच महिन्याभराने जास्त होऊ शकतो. काही मांजरांची, विशेषतः स्टेरॉइडने आलेली, साखर पुढे इन्सुलिनशिवायही ताब्यात राहते. मी असं वचन देत नाही, पण आशा ठेवायला जागा आहे. आणि नेमकी तीच जागा धोक्याचीही आहे, कारण घरातले लोक “डॉक्टरांनी लिहून दिलंय” म्हणून तोच डोस देत राहतात.

आता तुमच्या मिस्टरांच्या पेनाबद्दल. त्यांना नमस्कार सांगा आणि पेन त्यांच्याजवळच राहू द्या. मोठ्या माणसांची पेनं बऱ्याचदा मिश्र इन्सुलिनची असतात, पटकन उतरवणारं आणि हळू उतरवणारं एकत्र. बोक्याला ते चालत नाही. सव्वाचार किलोच्या मांजराला सुरुवातीला साधारण एका युनिटच्या आसपासच देतात, दर बारा तासांनी. किडनी अशक्त असेल तर त्याहूनही जपून, कारण इन्सुलिन अंगातून बाहेर काढण्याच्या कामात किडनीचाही वाटा असतो. ती मंद असली की दिलेलं इन्सुलिन जास्त वेळ रेंगाळतं. पेनातले “दोन युनिट” तुम्हाला थेंबभर वाटतील, पण बंड्याला ते भोवतील. कोणतं इन्सुलिन आणि किती, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. मी वर्तमानपत्रातून नेमका डोस लिहिणार नाही.

मात्र सिरिंजबद्दल लिहिणारच, कारण त्यात माझं स्वतःचं पाप आहे. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात म्हशींच्या पोटात हात घालण्यात गेली, मांजरं माझ्याकडे आली ती निवृत्तीनंतर. तेव्हाची गोष्ट. एका मांजरीला मी चिठ्ठीवर “२ युनिट” लिहिलं आणि खाली सही ठोकली. इन्सुलिनची बाटली होती १०० ताकदीची, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. दुकानातून हातात पडली ती लाल झाकणाची सिरिंज, म्हणजे ४० च्या बाटलीसाठीची. त्या सिरिंजवरच्या दोन रेघांत १०० ताकदीचं इन्सुलिन भरलं की ते पाच युनिट होतं. अडीच पट. रात्री अकराला फोन आला, “मांजर दारू प्यायल्यासारखी चालतीय.” हिरड्यांना साखरेचं पाणी चोळत ती रात्र काढली. मांजर वाचली. चूक त्या घरातल्यांची नव्हती, दुकानदाराचीही नव्हती, माझी होती. तेव्हापासून मी चिठ्ठीवर झाकणाचा रंग लिहितो : ४० च्या बाटलीला लाल, १०० च्या बाटलीला केशरी. तुमच्या घरात आधीच मिस्टरांच्या सुया असणार. बंड्याच्या सिरिंजा वेगळ्या डब्यात ठेवा आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत बाटलीचा आकडा लिहा. अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली बारीक सिरिंज मिळाली तर उत्तम. चष्मा लावल्याशिवाय कधीही भरू नका.

टोचणं त्यामानाने सोपं आहे. बंड्या खायला लागला की त्याच्या कुशीवरची कातडी चिमटीत उचला, तंबूसारखी. तंबूच्या तळाशी सुई आडवी सरकवा, दांडा दाबा, बाहेर. सुई इतकी बारीक असते की बरेच बोके ताटातून मान वर काढत नाहीत. केस ओले लागले, म्हणजे इन्सुलिन बाहेर सांडलं की आत गेलं असा संशय आला, तर दुसऱ्यांदा टोचायचं नाही. पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं. खाल्लं नाही, ओकला, मलूल पडला, तर नेहमीचा डोस द्यायचा नाही, आधी डॉक्टरांना फोन. घरात दोघं जण टोचणारे असतील तर दिलं की लगेच कालनिर्णयावर टिक करायची. दुधाचा हिशोब जिथे लिहिता, तिथेच. “मी दिलं”, “मीही दिलं” असं दोघांकडून होऊन मांजर गेल्याचं मी पाहिलं आहे.

साखर चढलेली काही दिवस चालते, उतरलेली काही तासही चालत नाही. बंड्याच्या बाबतीत सगळं गणित या एका वाक्यावर बसवा. तरुण, निरोगी मांजराची साखर मी नेटाने खाली आणेन. याची किडनी आणि दमा बघता दिवसभर दीडशे ते तीनशेच्या दरम्यान खेळत राहिली, वजन घटायचं थांबलं आणि पाणी कमी झालं, तर मी समाधानी आहे. मिस्टरांचं ग्लुकोमीटर वापरता येईल, टोचायची सुई मात्र वेगळी. कानाची कड बोटांनी चोळून गरम करा, मागे कापूस धरा आणि कडेच्या बारीक शिरेजवळ टोचा. माणसांचं मीटर मांजराच्या रक्तात खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं, हे डॉक्टरांना आकडे सांगताना आठवण करून द्या. सुरुवातीच्या दिवसांत इंजेक्शनच्या वेळी २०० च्या खाली दिसलं तर सुई बाजूला ठेवून फोन करा.

आणि हे सुनेलाही दाखवून ठेवा : पाय लटपटणं, नजर हरवणं, अंग झटकणं, आचके. मीटर शोधत बसू नका. मध किंवा साखरेचा पाक बोटाने हिरड्यांना चोळा. बेशुद्ध मांजराच्या तोंडात काहीही ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं. शुद्धीवर आला की खायला घाला आणि लगेच दवाखाना गाठा. बरं वाटायला लागलं म्हणून घरी थांबू नका, साखर परत उतरू शकते. उलट बाजूचा धोका म्हणजे कीटोन, इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारं आम्ल : खाणं सोडणं, ओकाऱ्या, मलूल पडणं, तोंडाला नेलपॉलिश पुसायच्या औषधासारखा वास. लघवीत कीटोन दाखवणाऱ्या पट्ट्या मेडिकलमध्ये मिळतात. पट्टीचा रंग बदलला आणि बंड्या जेवत नसेल तर सकाळची वाट पाहायची नाही. यात दम्याचा एक घोळ आहे. दोन्हींत श्वास जोरात चालतो. म्हणून तो गाढ झोपलेला असताना मिनिटाला किती श्वास घेतो ते आत्ताच मोजून ठेवा. तीसच्या आत असायला हवेत. तोंड उघडून श्वास घेत असेल तर कारण शोधायचं काम तुमचं नाही, रिक्षा बोलवायचं आहे.

आता जेवण. इथे दोन्ही सल्लागार आपापल्या जागी बरोबर आहेत. साखरेला पिष्टमय पदार्थ कमी आणि मांस जास्त लागतं. किडनीला मांसातून येणारा फॉस्फरस कमी लागतो, आणि किडनीच्या खास खाण्यात पिष्ट बऱ्यापैकी असतं. दोन्ही एकाच ताटात पूर्ण बसत नाहीत. माझं मत विचाराल तर, क्रिएटिनिन २.६ म्हणजे किडनीचा दुसरा टप्पा, आणि तोही उतरलेल्या पाण्यामुळे थोडा फुगलेला असू शकतो. साखर आवरून अंगात पाणी टिकू लागलं की परत मोजा, मग ताट ठरवा. तोवर ओलं खाणं द्या, कोरडे दाणे शक्य तितके कमी करा आणि फॉस्फरस बांधणारं औषध लागेल का ते डॉक्टरांना विचारा. किडनीचंच खाणं तो आवडीने खात असेल तर तेही चालेल, इन्सुलिन त्या ताटाप्रमाणे बसवता येतं. उपाशी बोक्याला मात्र इन्सुलिन बसवता येत नाही. खाणं बदलायचं ते डॉक्टरांना सांगून आणि हळूहळू, कारण पिष्ट कमी झालं की इन्सुलिनची गरजही उतरते.

पत्रात लिहिलं नाहीत, पण सोलापूरचं घर म्हणजे बंड्या दूध-भाकरीवर वाढला असणार. दूध बंद, भाकरी बंद, चहातलं बिस्किट तर अजिबात नाही. ज्वारीने आपली पिढ्यान्‌पिढ्या तब्येत राखली, पण मांजर हा मांस खाणारा प्राणी, त्याला भाकरीचा उपयोग नाही. शेंगाचटणीचं बोटही चाटवू नका, त्यात लसूण असतो आणि लसूण-कांद्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. नुसतं उकडलेलं चिकनही कायमचं जेवण नाही, त्यात कॅल्शियम नसतं. वरचा घास म्हणून उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग चांगला, त्यात फॉस्फरस कमी. कारल्याचा रस, मेथीचं पाणी, मिस्टरांच्या शुगरच्या गोळ्या यांतलं काहीही नको. आणि अंग दुखतंय असं वाटून पॅरासिटामॉल देऊ नका, एक गोळी मांजराला मारते.

भाचा सांगतो ते खरं आहे. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये मांजरांसाठी अशी गोळी मंजूर झाली आणि २०२३ मध्ये तोंडातून द्यायचं पातळ औषधही. ही औषधं साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. पण ती मंजूर झालीत इतर बाबतींत ठणठणीत असलेल्या मांजरांसाठी. शिवाय त्यांच्यावर आकडा चांगला दिसत असतानाही कीटोन चढू शकतात. बंड्या त्या गटात बसत नाही. भाच्याला सांगा, पाठवायचंच असेल तर मांजराचा स्पेसर पाठव.

हिरड्यांचं थोडक्यात. सुजलेलं, पू असलेलं तोंड इन्सुलिनला हट्टी बनवतं, मूत्रमार्गाचा संसर्गही तसंच करतो. लघवीचं कल्चर (जंतू आहेत का ते बघायची तपासणी) आत्ताच करून घ्या. दातांचं काम भूल देऊन करावं लागेल, ते साखर जरा बसल्यावर. रक्तात पोटॅशियम आणि एकदा रक्तदाबही बघायला सांगा. कातडीखाली सलाइन द्यायची वेळ आली तर बाटलीवर डेक्स्ट्रोज, म्हणजे साखर, लिहिलेलं नाही ना, हे स्वतः वाचा.

मे महिन्याचं आत्ताच ठरवा. आपल्याकडे पारा ४२ च्या वर जातो आणि वीजही जाते. इन्सुलिन फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, बर्फाच्या कप्प्याला न चिकटता. गोठलं तर फेकून द्यायचं. वीज बराच वेळ गेली तर बाटली घट्ट डब्यात घालून ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या माठाच्या आत ठेवा. वजन दर रविवारी, त्याच किराणा दुकानातल्या त्याच काट्यावर, टोपलीसकट. पाणी भांड्यात मोजून घाला आणि दुसऱ्या दिवशी उरलेलं वजा करा. त्याच्या वजनाला दिवसाचं ४०० मिलिलिटरच्या वर गेलं तर ते नक्की जास्त.

सुनेवर चिडू नका. ती निर्दय नाही, तिला त्याचे हाल बघवत नाहीत. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं की मला आज माहीत नाही, आणि तुम्हालाही आज ठरवायची गरज नाही. सहा आठवडे द्या. या सहा आठवड्यांत सगळे निर्णय एकाच डॉक्टरांकडे ठेवा. दम्याचा एक, किडनीचा एक, साखरेचा तिसरा असं केलंत तर प्रत्येकाचं औषध दुसऱ्याचं काम बिघडवेल. अवघड वाटलं तर तेच डॉक्टर तुमचे रिपोर्ट परळच्या किंवा शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात दाखवू शकतात; बंड्याला इतक्या लांब गाडीत घालून न्यायची घाई नको. सहा आठवड्यांनी बघा : तो आपणहून जेवतो का, अंग चाटतो का, उन्हाच्या जागेवर जाऊन बसतो का, तुम्ही आलात की शेपटी उभी करून येतो का. यातलं बरंचसं होत असेल तर दोन सुया हा मोठा सौदा नाही. एकही होत नसेल, दम आणि उलट्या यातच दिवस जात असतील, तर त्याला शांतपणे जाऊ देणं हाही उपचारच आहे. तेव्हा सुनेला सोबत घेऊन जा. तोवर तिला टोचायला लावू नका, मीटरचे आकडे लिहायचं काम द्या.

मिस्टर सकाळ-संध्याकाळ किती वाजता घेतात? त्याच वेळा बंड्याच्याही ठेवा, दोघांचं एकदमच उरकेल. तासभर इकडेतिकडे झालं तर बिघडत नाही, त्यामुळे पंढरपूरला जाऊन संध्याकाळी परत येण्याइतकी मोकळीक तुम्हाला आहे. मुक्काम करायचा असेल तर शेजारच्या कोणाला तरी आठवडाभर आधी सुई शिकवून ठेवा. महिन्याभराने कालनिर्णयाच्या पानाचा फोटो पाठवा, आणि टबाला मुंग्या येतात की थांबल्या तेही लिहा.